अर्धा तास आधी

बँकेने चेक परत पाठवला आहे. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: सही नमुन्याशी जुळत नाही.

डिसेंबरातली सकाळ. छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीमागच्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर तुम्ही मामांच्या पलंगाच्या कडेवर बसला आहात. मामा शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी झटताहेत. मदतीला हात पुढे केलेला त्यांना खपत नाही. "होतंय, होतंय," म्हणतात, आणि दुसरं 'होतंय' नीट ऐकूही येत नाही. आवाज सुरुवातीला बरा निघतो, वाक्य संपेपर्यंत विरतो. स्वयंपाकघरातून मामी विचारतात, "गोळी घेतली का हो?" ही गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. दूध, डाळ, धिरडं पोटात गेलं की त्यातली प्रथिनं आणि गोळी एकाच दाराशी रांग लावतात आणि गोळीचा नंबर मागे पडतो. मामींनी त्याचं सूत्र करून टाकलंय: आधी गोळी, मग पोळी.

मांडीवर मामांची फाइल आहे. मामा सरकारी हिशेबखात्यात होते, 2006 साली निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात पेन्शनरने हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे मी अजून आहे, हे स्वतःच्या सहीने कळवायचं असतं. मामांनी प्रत्येक दाखल्याची झेरॉक्स ठेवली आहे. 2006 ते 2020. त्यानंतर मोबाइलला चेहरा दाखवून काम भागायला लागलं, म्हणून तिथे थांबली. पंधरा कागद. तुम्ही ते फरशीवर ओळीने मांडता आणि मामा बटण सोडून बघायला लागतात.

पहिली सही रकान्यात मावत नाही. पहिल्या अक्षराचा काना वरच्या छापील ओळीत घुसलाय आणि शेवटचा फराटा साहेबाच्या शिक्क्याखालून पलीकडे गेलाय. पंधराव्या कागदावर मुंग्यांची रांग. दोन सलग वर्षं शेजारी धरली तर फरक दिसत नाही. पाच वर्षांचं अंतर टाकलं की दिसतो. डॉक्टर याला मायक्रोग्राफिया म्हणतात. मामांना कंपवात आहे, पार्किन्सन. निदान झालं 2017 साली.

आता 2014च्या कागदावर बोट ठेवा.

तुम्ही सिद्धार्थ उद्यानात आहात. शहराचं नाव अजून औरंगाबाद आहे. मामा समोरून येताहेत, पासष्टी उलटलेली, चाल दणदणीत. डावा हात मागेपुढे हलतोय. उजवा मात्र काखेत वर्तमानपत्र धरल्यासारखा अंगाला चिकटून आहे, आणि काखेत वर्तमानपत्र नाही. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या चौघा मित्रांपैकी कुणाच्याही हे ध्यानात आलेलं नाही. तुमच्या तरी कधी आलं होतं?

अजून मागे. 2009. गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं करपतंय आणि दोन हातांवर मामा पेपर वाचत बसलेत. मामी मागच्या गॅलरीतून धावत येतात. "नाक आहे का काय आहे?" नाक आहे, त्यातला वास गेलाय. त्याच वर्षी मामी बहिणीला फोनवर हसत सांगताहेत की हल्ली हे झोपेत लाथा झाडतात, कुणाशी तरी भांडतात, मी खाली गादी टाकते. वास जाणं, बद्धकोष्ठ, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष हातापायांनी करणं: हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी ही मंडळी येऊन बसलेली असतात. प्रत्येक वास गेलेल्या माणसाला कंपवात होतो असं मुळीच नाही. मागे वळून बघितल्यावर मात्र ती ओळीने उभी दिसतात.

मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला एक काळसर पट्टी असते. तिचं लॅटिन नाव सबस्टान्शिया नायग्रा, म्हणजे काळं द्रव्यच. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि लांब तंतूंतून ते मेंदूच्या आतल्या भागाला पुरवतात. हालचाल सुरू करणं, सोडून देणं, अक्षराला योग्य उंची देणं, हे त्या पुरवठ्यावर चालतं. या शहरात समजावून सांगायचं तर ती पैठणहून आलेली पाण्याची लाइन आहे. हात थरथरून माणूस डॉक्टरकडे पोचतो तेव्हा त्या पट्टीतल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात, आणि टोकाला पोचणारं रसायन त्याहूनही कमी उरलेलं असतं. इतके दिवस उरलेल्या पेशींनी ज्यादा काम करून नळ चालू ठेवलेला असतो, म्हणून कुणाला कळत नाही.

तुम्ही 2009च्या त्या स्वयंपाकघरात उभे आहात, करपलेल्या दुधाचा वास तुम्हाला येतोय आणि मामांना येत नाही. आत्ता सांगून टाकावं असं वाटतं. पण काय सांगणार? घाटीच्या सरकारी रुग्णालयात न्या? तिथे त्यांना चालवून, बोटं आपटायला लावून पाहिलं असतं आणि नाकाचे थेंब देऊन परत पाठवलं असतं. त्यात कुणाची चूक नसती. आणि समजा, कुणीतरी ओळखलंच असतं, तरी पेशी मरायच्या थांबवणारी गोळी जगात कुठेच नव्हती.

नव्हती असं म्हणताना जरा थांबायला हवं. पांढऱ्या उंदरांसाठी होती.

तेच वर्ष, तेच शहर. एका फार्मसी कॉलेजच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरा. नाव विचारू नका. अशा प्रयोगशाळा महाराष्ट्रभर आहेत आणि आतून सारख्याच दिसतात. प्लास्टिकचे पिंजरे, तळाला भाताचं तूस, मुताचा आणि खाद्याच्या गोळ्यांचा मिळून झालेला वास. विस्टार जातीच्या उंदरांना पिक्रिक ॲसिडने पिवळ्या खुणा केल्यात: एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर. ज्याला खूण नाही तोही एक नंबरच. भिंतीवर प्राणी-नीती समितीच्या मंजुरीचं पत्र लावलंय. एम. फार्म.ची मुलगी स्टॉपवॉच तुमच्या हातात देते.

तिने डोक्यावर पिवळं असलेला उंदीर उचलून त्याचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवलेत. सुदृढ उंदीर लगेच पाय काढून घेतो. अशा अवघडलेल्या अवस्थेत तो कशाला उभा राहील? पण याला हॅलोपेरिडॉल टोचलंय. मेंदूत डोपामिन आहे, ते ज्या कुलपांत बसायचं ती कुलपं या औषधाने बुजवली आहेत. उंदीर दांडीवर पाय ठेवून तसाच राहतो. दहा सेकंद, वीस, साठ. मिश्या हलतात, डोळे उघडे आहेत, पण पाय निघत नाहीत. तुम्हाला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. परवा मामा बाथरूमच्या उंबऱ्यापाशी असेच थिजले होते.

मग शेपटीवर पिवळं असलेला. यालाही तेवढंच हॅलोपेरिडॉल. पण याला आधीचे कितीतरी दिवस रोज एका वनस्पतीचा अर्क पाजलाय. पाय दांडीवर ठेवले, आणि थोड्याच सेकंदांत त्याने एक काढला, मग दुसरा. मुलीच्या चेहऱ्यावर हसू येतं. वहीत आकडा जातो. प्रबंधात या रकान्याला 'संरक्षक परिणाम' असा मथळा देतील. नंतर हे उंदीर मारून त्यांचे मेंदू काढतात, घोटतात, रसायनं मोजतात. शोधनिबंधात त्याला 'सॅक्रिफाइस' म्हणतात. यज्ञाच्या भाषेतला हा शब्द तिथे कसा टिकून राहिला, याचं मला नेहमी नवल वाटत आलंय.

वहीतला एक शब्द मात्र विसरू नका: आधी. अर्क आधी, विष नंतर.

हा 'आधी' कुठून आला ते बघायला स्टॉकहोमला जावं लागेल. 1968. कॅरोलिन्स्का संस्थेत ऊर्बान उंगरश्टेट नावाचा तरुण संशोधक उंदराच्या मेंदूत, एकाच बाजूला, सुईने एक पदार्थ सोडतोय: 6-हायड्रॉक्सीडोपामिन. हा दिसायला डोपामिनसारखा. ओळखीचा चेहरा बघून डोपामिनच्या पेशी त्याला आपल्या दारातून आत घेतात आणि आतून मरतात. एक बाजू मेली, दुसरी शाबूत. अशा उंदराला ॲम्फेटामिन दिलं की तो गोल गोल फिरायला लागतो, मेलेल्या बाजूकडे. मिनिटाला किती फेऱ्या, यावरून इजा किती हे कळतं. मेंदूतली इजा बाहेरून, उंदीर जिवंत असताना मोजायची ही तऱ्हा इतकी सोपी होती की आजही ती जगभर चालते.

एक अडचण होती. डोपामिनच्या शेजारी नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशींची दारंही याच विषाला फसत. मग पुढच्या काही वर्षांत एक रीत पडली: विष देण्याच्या साधारण अर्धा तास आधी डेसिप्रामिन नावाचं, मुळात उदासीनतेवरचं, औषध टोचायचं. ते नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशींची दारं अडवून बसतं. विष येतं, दार बंद बघून पुढे जातं. डोपामिनची वस्ती जळते, शेजारची वाचते. मेंदूतली एक रासायनिक व्यवस्था इजेपासून वाचवणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. आणि ते जमतं, कारण सुई कधी टोचली जाणार हे टोचणाऱ्यालाच ठाऊक असतं. उंदराच्या इजेला तारीख असते, वेळ असते.

मामांच्या इजेची तारीख कोणती? फरशीवर पंधरा कागद पडलेत, त्यातल्या कुठल्यावर?

माणसांत हे करून बघितलंच नाही असं नाही. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेच्या भेसळीच्या मालाने थोड्याच दिवसांत थिजले. साठीतल्या कंपवाताच्या रुग्णासारखे. विल्यम लँग्स्टन या डॉक्टरने माग काढला तेव्हा मालात एमपीटीपी नावाचं विष सापडलं, जे नेमकं त्या काळ्या पट्टीवर जातं. माकडांना ते दिलं, तीही थिजली. पण माकडांना आधीच डेप्रेनिल नावाचं औषध दिलं असेल, तर काही झालं नाही. इथे सगळ्यांची आशा उभी राहिली. 1987 पासून अमेरिका आणि कॅनडात 800 रुग्णांवर चाचणी झाली: काहींना डेप्रेनिल, काहींना ई-जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. सुरुवातीला डेप्रेनिल घेणारे बरे टिकले. वर्तमानपत्रांनी घाई केली. पुढे दिसलं की औषधाने लक्षणं थोडी सौम्य केली होती. खाली पेशींचं मरण थांबल्याचा पुरावा हाती आला नाही. ई-जीवनसत्त्वाने काहीच केलं नाही. नंतर क्रिएटिन आलं. 1,741 रुग्ण, वर्षानुवर्षं. 2013 साली चाचणी थांबवली, उपयोग नाही म्हणून. डेप्रेनिल आणि क्रिएटिन, दोन्हींची प्राण्यांमधली कामगिरी उत्तम होती. माकडाला औषध आधी मिळालं होतं. माणूस दवाखान्यात पोचला तोच उशिरा, अर्धी वस्ती जळल्यावर.

यावर कुणी म्हणेल की मग प्राण्यांवरचे प्रयोग फुकटच गेले. तसं म्हणणाऱ्याने मामींच्या डब्यातली गोळी काढून बघावी.

लुंड, स्वीडन, 1957. अर्विद कार्ल्सन यांच्या प्रयोगशाळेत टेबलावर ससे बसलेत, कान पडलेले, ढकललं तरी हलत नाहीत. त्यांना रेसर्पिन दिलंय. हे नाव परकं वाटेल, वस्तू परकी नाही: सर्पगंधेच्या मुळीतलं द्रव्य. मुंबईत केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ही मुळी तपासून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला, आणि आपल्या वैद्यांची मुळी जगभरच्या दवाखान्यांत गेली. 1952 साली बाझलच्या सिबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. त्या औषधाने काही रुग्ण मंद व्हायचे, ताठ व्हायचे, हात थरथरायचे. का, ते कळत नव्हतं.

कार्ल्सन, मार्गिट लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी त्या सशांना एल-डोपाच्या जातीचं द्रव्य शिरेतून दिलं. थेट डोपामिन देऊन भागत नाही. रक्तातून मेंदूत जायच्या वेशीवर ते अडतं. डोपाला आत सोडतात, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. तुम्ही सशाच्या कानांकडे बघत बसा. पाच मिनिटं काही नाही. दहा. मग एक कान उचलतो. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर ससा आजूबाजूला बघतो आणि टेबलावर दोन उड्या मारतो, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. वकीलांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं तेही 1957 सालीच. कार्ल्सनना नोबेल मिळायला 2000 साल उजाडलं.

रेसर्पिनने पेशी मारल्या नव्हत्या, फक्त त्यांची कोठारं रिकामी केली होती. कंपवातात कोठारंच जळतात. तरीही बाहेरून माल टाकला तर उरलेली चार दुकानं तो विकू शकतात, हे त्या सशाने दाखवलं. तीनच वर्षांनी व्हिएन्नात हॉर्नीकीविच यांना कंपवाताने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ सापडला, 1961 साली तिथेच रुग्णांना एल-डोपा टोचलं गेलं, आणि 1967 साली जॉर्ज कॉट्झियास यांनी अमेरिकेत तोंडाने, मोठ्या मात्रेने देऊन ते रोजचं औषध केलं.

म्हणजे मामा रोज जे घेतात तो टँकर आहे. लाइन फुटलेली आहेच, ती दुरुस्त झालेली नाही. टँकर आला की हौद भरतो. साडेनऊला मामा बटणं लावतात, खाली जाऊन पेपर आणतात. साडेअकराला हौद तळाला लागतो आणि पाय पुन्हा फरशीला चिकटतात. पहिल्या वर्षांत एक टँकर दिवसभर पुरायचा, कारण घरात साठवायला जागा होती. आता पाच लागतात. या शहरातल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

मामी डबा उघडतात तेव्हा गोळ्यांच्या पाकिटामागे एक कागदी पुडा आहे. सिटी चौकातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून त्यांच्या बहिणीने आणून दिलेला. कवचबीज चूर्ण. "हे म्हणे मुळापासून बरं करतं," मामी तुम्हाला हळूच म्हणतात. मामांना ऐकू जाऊ नये म्हणून. ही जी पुडी आहे तिच्यासाठी दोन ठिकाणी जायला हवं.

पहिलं, मुंबई, 1978. कवचबीज म्हणजे खाजकुयरीचं बी. पाऊस सरला की म्हैसमाळच्या उतारांवर, कुंपणांवर ही वेल चढते, जांभळे घोस लागतात आणि थंडीत सोनेरी लवेच्या वाकड्या शेंगा. शाळेत असताना कुणाच्या तरी शर्टाच्या कॉलरमध्ये ही लव टाकण्याचं पाप तुम्ही केलं असेल, नाहीतर तुमच्यावर झालं असेल. खाज आणणारं काम लवेतलं एक प्रथिन करतं. आतलं बी काळं-करडं, चकचकीत, आणि त्याच्यात एल-डोपा ठासून भरलेलं. 1937 सालीच मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून ते वेगळं काढून दाखवलं होतं. त्याचं काय करायचं हे तेव्हा जगात कुणाला माहीत नव्हतं. एका जंगलात दोन वनस्पती, एक कोठार रिकामं करणारी, दुसरी भरणारी. असा योग कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने कापला असता.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या 23 रुग्णांना या बियांची पूड दिली आणि 'न्यूरॉलॉजी इंडिया'त निष्कर्ष छापले. दिवसाला सरासरी 45 ग्रॅम. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन वजनकाट्यावर 45 ग्रॅम बेसन मोजून बघा. एवढं रोज, महिनोन्‌महिने, पाण्यात कालवून गिळायचं. त्यातून सुमारे दीड ग्रॅम एल-डोपा पोटात जायचं. रुग्ण सुधारले. 2004 साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर दुहेरी-अंध चाचणी झाली: 30 ग्रॅम पूड नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडली आणि जास्त वेळ टिकली.

दुसरं ठिकाण अमेरिका. त्याच वर्षी बाला मण्यम आणि सहकाऱ्यांनी तिथे मेंदूला 6-हायड्रॉक्सीडोपामिनची इजा केलेल्या उंदरांना ही पूड दिली. काळ्या पट्टीत डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, तिन्ही पुन्हा भरलेली आढळली. नुसत्या कृत्रिम लेव्होडोपाने तसं झालं नव्हतं. बियांत एल-डोपाखेरीज आणखी काहीतरी आहे, असा त्यांचा कयास. मामींच्या बहिणीचं 'मुळापासून' बहुधा इथूनच, दहा तोंडांतून फिरत आलंय. उंदरांत ते दिसलं हे खरं. माणसाच्या मेंदूत पेशींचं मरण या पुडीने थांबतं, हे कुणीही दाखवलेलं नाही. आणि मामा आधीच दिवसाला पाच गोळ्या घेतात. त्यावर डॉक्टरांना न विचारता ही पुडी म्हणजे भरल्या हौदात सहावा टँकर. मान-खांदे नको तेव्हा वळवळायला लागतील, मळमळेल ते वेगळंच.

"मग आपले वैद्य पूर्वी काय देत होते?" मामी विचारतात. प्रश्न रास्त आहे. देवगिरी इथून जेमतेम पंधरा किलोमीटर.

किल्ल्याच्या वाटेवर वर्षं भराभर गळतात. मलिक अंबरची खडकी येते आणि जाते. थांबा तेव्हा 1260 ओलांडलेलं आहे. महादेव यादवाचं राज्य, आणि श्रीकरणाचा अधिप हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो. श्रीकरण म्हणजे दप्तर, हिशेबखातं. मामांचंच खातं, साडेसातशे वर्षं आधीचं. याच माणसाने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. मोडी लिपीचं श्रेयही परंपरा त्यालाच देते. खरंखोटं बाजूला ठेवू, पण हात न उचलता पळत्या लेखणीने लिहायची निकड दप्तरातच जन्मते हे पटतं. त्याच्या आधी, सिंघण यादवाच्या काळात, याच दप्तरात शार्ङ्गदेव होता. संगीतरत्नाकर लिहिणारा, आणि वैद्यकही जाणणारा. हिशेबनीस, वैद्य आणि गवई एकाच माणसात, एकाच गडाखाली.

दप्तराच्या ओसरीत एक कारकून बसलाय. तो माझ्या कल्पनेतला आहे, कुठल्या पोथीतला नाही. त्याच्या ओळी उजवीकडे जाता जाता बारीक होताहेत. शेजारचा वैद्य त्याच्या मनगटावर बोटं ठेवतो आणि वाताचं नाव घेतो. थरथरीला वेपथू म्हणून वातव्याधींत जागा आहे. कपिकच्छू, आत्मगुप्ता, वानरी, अशा नावांनी हे बीही त्याच्या कोशात आहे, बळ देणारं म्हणून. त्याने दोन्ही जोडून या कारकुनाला ते दिलं, आणि कारकुनाचं अक्षर पुन्हा मोठं झालं, असं लिहायचा मोह मला होतोय. वाचणाऱ्याला आवडेलही. पण मी तिथे नव्हतो, आणि त्या पोथ्यांचं मोठेपण माझ्या अशा भरीवर अवलंबून नाही. शेंगेच्या त्या लवेतून हात घालून आत बी आहे हे ज्याने पहिल्यांदा शोधलं, त्याला नमस्कार करून मी परत फिरतो. तुम्हीही चला.

पावणेदहा वाजलेत. मामांनी तिन्ही बटणं लावलीत. गोळी लागलेली आहे. चेहऱ्यावरून कळतं, तो परत चेहऱ्यासारखा दिसायला लागतो. बँकेत नवीन नमुना सही द्यायला जायचंय. मामी म्हणतात, "अंगठा द्या आणि मोकळे व्हा." मामा त्यांच्याकडे असे बघतात की त्या आत निघून जातात. तीस वर्षं लोकांचे अंगठे तपासून घेतलेला माणूस आहे.

नातीच्या दप्तरातून त्यांनी एक दुरेघी वही काढून घेतलीय. दोन रेघा समोर असल्या की अक्षराला मेंदूतून उंची आणायची गरज राहत नाही, ती कागदावरून मिळते. हात तिथपर्यंत जातो. हा जुना आणि फुकटचा उपाय आहे. मामा पेन घेतात. पहिलं अक्षर वरच्या रेघेला टेकतं. दुसरं टेकतं. "बघ," म्हणतात. पाचव्या अक्षराशी रेघ सुटायला लागते, ते थांबतात, पेन उचलतात, पुन्हा खालच्या रेघेवर टेकवतात.

"बँकेच्या फॉर्मवर रेघा नसतात," तुम्ही म्हणता.

"पट्टी घेऊन जाऊ," मामा म्हणतात. "साडेअकराच्या आत पोचायला पाहिजे. चप्पल कुठंय?"